ट्रायकोडर्मा रीसाय

ट्रायकोडर्मा रीसाय ही वनस्पतींच्या कोशिकाभित्तीतील सेल्युलोजचे विघटन करणारी तंतुमय बुरशी आहे. सेल्युलेज गटातील विकरे म्हणजेच एंझाइमे ती मोठ्या प्रमाणावर स्रवते. त्यांच्या औद्योगिक उत्पादनात तिला प्रमुख स्थान आहे.

शोध

दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातील सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे तंबू व इतर सुती साहित्य दमट हवेत झपाट्याने कुजू लागले. कुजण्यास कारणीभूत सूक्ष्मजीव शोधताना मिळालेल्या एका बुरशीला क्यूएम ६ए हा क्रमांक देण्यात आला. उद्योगात आज वापरले जाणारे या जातीचे वाण याच एका नमुन्यापासून निघाले आहेत. एल्विन रीस आणि मेरी मँडेल्स यांनी सैन्याच्या प्रयोगशाळेत तिचा अभ्यास केला. आरंभी हेतू कापड वाचवण्याचा होता. पुढे त्याच विकरांनी टाकाऊ सेल्युलोजपासून साखर मिळवण्याकडे संशोधन वळले. आधी ट्रायकोडर्मा विरिडी समजल्या गेलेल्या या बुरशीला १९७७ मध्ये स्वतंत्र जाती मानून रीस यांचे नाव देण्यात आले.

विकरांचे कार्य

सेल्युलोज ही ग्लुकोजच्या एककांची लांब, सरळ साखळी असते. अशा अनेक साखळ्या एकमेकींना घट्ट बिलगून स्फटिकासारखी रचना तयार होते. तिच्यापुढे एकट्यादुकट्या विकराचे फारसे चालत नाही. एंडोग्लुकनेज साखळी मध्येच तोडून नवी टोके निर्माण करते. सेलोबायोहायड्रोलेज टोकापासून साखळीवर सरकत जाऊन सेलोबायोज ही दोन एककांची शर्करा सुटी करते आणि बीटा-ग्लुकोसिडेज तिचे ग्लुकोज बनवते. हा शेवटचा दुवा या बुरशीत कमकुवत आहे. साचलेले सेलोबायोज आधीच्या विकरांचे काम मंदावते, म्हणून ॲस्परजिलस नायजर या बुरशीचे बीटा-ग्लुकोसिडेज अनेकदा वेगळे मिसळावे लागते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पेनिसिलियम फ्युनिक्युलोसम या दुसऱ्या बुरशीच्या सेल्युलेजवर संशोधन झाले आहे.

२००८ मध्ये ट्रायकोडर्मा रीसायचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा तिच्यात सेल्युलेजांची जनुके अपेक्षेपेक्षा कमी आढळली. तिचे बळ जनुकांच्या संख्येत नसून प्रथिने स्रवण्याच्या क्षमतेत आहे. ग्लुकोज उपलब्ध असताना मूळ वाण ही विकरे बनवणे जवळजवळ थांबवतो. उत्परिवर्तनाने मिळवलेल्या रट-सी३० या वाणात हे बंधन बरेच सैल झाले आहे.

उपयोग

जीन्सच्या कापडाला जुनाट छटा आणणे, धुलाईच्या भुकटी आणि पशुखाद्य यांत ही विकरे वापरली जातात. भाताचा पेंढा, उसाचे पाचट यांपासून इथेनॉल बनवणे अधिक अवघड आहे. त्यांतील लिग्निन ही बुरशी विघटित करू शकत नाही. त्यामुळे आधी वाफ किंवा आम्ल यांची प्रक्रिया करून सेल्युलोज मोकळे करावे लागते. त्यानंतरही विकरांचा खर्च इथेनॉलच्या किमतीत मोठी भर घालतो.