मतदार-जागृतीचा पैसा कुणाचा?

(द्वितीय वर्ष, कला)

निवडणूक आली की गावात दोन तऱ्हेचे कागद दिसू लागतात. एक उमेदवाराचे पत्रक आणि दुसरा ‘मतदान करा’ असे सांगणारा निवडणूक आयोगाचा फलक. उमेदवाराच्या पत्रकाच्या तळाशी बारीक टाइपात मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव आणि पत्ता असतो. तो शोभेसाठी नसतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२७-अ प्रमाणे तो छापावाच लागतो. उमेदवाराच्या खर्चालाही मर्यादा आहे. २०२२ पासून महाराष्ट्रात ती लोकसभेला ९५ लाख व विधानसभेला ४० लाख रुपये आहे. चहापाण्याचाही हिशेब द्यावा लागतो.

आयोगाच्या फलकाकडे मात्र आपण या नजरेने पाहत नाही. सरकारी आहे, तेव्हा पैसाही सरकारचाच, असे धरून चालतो. बव्हंशी ते खरेही आहे. लोकसभेच्या निवडणुकीचा खर्च केंद्र सरकार करते, विधानसभेचा राज्य सरकार करते आणि दोन्ही एकदम आल्या तर तो निम्मा-निम्मा वाटला जातो. परंतु मतदार-जागृती हे काम आयोग एकट्याने करीत नाही. २००९ पासून ‘स्वीप’ या नावाने हा कार्यक्रम चालतो आणि त्यात महाविद्यालये, आकाशवाणी, बँका, खेळाडू, कलावंत, खाजगी कंपन्या असे अनेक सहभागी होतात. २०११ पासून २५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिवस होतो, तेव्हा राष्ट्रीय सेवा योजनेची आपली मुलेमुलीही फेरीत असतातच.

अशाच एका शिबिरात मी नमुना क्र. ६ भरून घेत होते. एक आजोबा नातवाचे नाव नोंदवायला आले होते. त्यांनी विचारले, “पोरी, तुला याचे किती मिळतात?” मी म्हटले, “काही नाही, आजोबा.” त्यांना ते पटलेले दिसले नाही. माझ्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेले नव्हते, पण मतदान कुणी कधी चुकविलेले नाही. त्यामुळे आजोबांचा प्रश्न मला उद्धट वाटला नाही. फुकट मिळणाऱ्या वस्तूची किंमत कोण भरतो, हे विचारायची सवय गरिबाला असतेच.

तोच प्रश्न मोठ्या प्रमाणावर २०१४ मध्ये उभा राहिला. मतदारांना आपले नाव व मतदान केंद्र सहज शोधता यावे म्हणून आयोग ‘गूगल’ या अमेरिकी कंपनीचे सहकार्य घेणार होता. येथे पैशाची देवघेव हा मुद्दाच नव्हता. मतदारांची माहिती परदेशी कंपनीच्या हाती जाईल का, ही शंका होती. राजकीय पक्षांनी व तज्ज्ञांनी आक्षेप घेतला आणि जानेवारीतच आयोगाने तो विचार सोडून दिला. म्हणजे भागीदारी बिनपैशाची असली तरी विचारण्यासारखे पुष्कळ उरते.

याहून बोलके प्रकरण २०२५ चे आहे. १६ फेब्रुवारीला अमेरिकेच्या सरकारी कार्यक्षमता विभागाने रद्द केलेल्या अनुदानांची यादी जाहीर केली. तीत ‘भारतातील मतदान वाढविण्यासाठी २ कोटी १० लाख डॉलर’ अशी एक ओळ होती. त्या वेळच्या दराने हे सुमारे १८२ कोटी रुपये होतात. त्या एका ओळीवरून आपल्याकडे दोन्ही मोठ्या पक्षांनी एकमेकांवर आरोपांची राळ उडविली. २०१२ मध्ये आयोगाने ‘आयफेस’ या अमेरिकेतील संस्थेशी सामंजस्य करार केला होता, तोही उकरून काढण्यात आला. त्या वेळचे मुख्य निवडणूक आयुक्त श्री. एस. वाय. कुरेशी यांनी लगेच खुलासा केला. करार प्रशिक्षणापुरता होता आणि कोणत्याही बाजूवर पैशाचे बंधन नाही असे त्यातच लिहिलेले होते, असे त्यांनी सांगितले. काही दिवसांतच ‘इंडियन एक्स्प्रेस’ने ती रक्कम वस्तुतः बांगलादेशासाठी होती असे वृत्त दिले. पुढे ऑगस्टमध्ये राज्यसभेत सरकारने अमेरिकी वकिलातीचे उत्तर मांडले. २०१४ ते २०२४ या काळात भारतात मतदान वाढविण्यासाठी असा निधी अमेरिकेच्या मदतसंस्थेला मिळाला नाही आणि तिने तो दिलाही नाही, असे ते उत्तर होते.

फेब्रुवारी ते ऑगस्ट म्हणजे सहा महिने! एवढ्या काळात आमच्या एस. टी. स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर या विषयाचे किती निकाल लागले असतील ते विचारू नका. माजी आयुक्तांचा शब्द खरा होता असे मी मानते. परंतु कराराचा कागद, त्याची मुदत आणि पैशाचे कलम कुणालाही सहज वाचता येईल अशा जागी असले म्हणजे एखाद्याच्या शब्दावर विसंबावे लागत नाही. संशय घेणाऱ्याचे तोंड बंद करण्याचा तो स्वस्त उपाय आहे.

खुद्द अमेरिकेत तर याहून पुढची गोष्ट घडली. २०२० मध्ये करोनाच्या साथीत ‘फेसबुक’चे श्री. झुकरबर्ग व त्यांच्या पत्नी यांनी एका संस्थेमार्फत स्थानिक निवडणूक कचेऱ्यांना सुमारे ३५ कोटी डॉलर दिले. कर्मचारी, यंत्रे, मुखपट्ट्या यांसाठी पैसा खरोखर हवाच होता. पण तो एकाच पक्षाच्या भागांत जास्त गेला अशी ओरड झाली आणि दोन डझनांहून अधिक राज्यांनी अशा खाजगी पैशावर बंदी किंवा बंधन घातले. विस्कॉन्सिन राज्याने एप्रिल २०२४ मध्ये त्यासाठी घटनादुरुस्तीच केली. मला बंदी पुरेशी वाटत नाही. कचेरीला मुळात पैसा कमी का पडला, हे तिच्यामुळे कळत नाही.

आपल्याकडे कायदा आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ प्रमाणे सार्वजनिक कार्यालयांनी आपले कामकाज व अंदाजपत्रक कुणी न मागता प्रसिद्ध करायचे असते. त्यात भागीदारांची यादी सहज बसते. संस्था कोणती, करार केव्हाचा, संपला केव्हा, पैसा आला की फुकट सेवा आली, मतदाराची माहिती कुणाच्या हाती गेली, एवढे एका पानावर मावेल. ते पान मराठीतही हवे. एक गोष्ट ध्यानात ठेवावी, ग्रामपंचायतीची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, भारत निवडणूक आयोग नव्हे. तेव्हा विचारणा करताना पत्ता पाहून करावी. अर्जाचे शुल्क दहा रुपये आणि उत्तराची मुदत तीस दिवस आहे. कलम ४ नीट पाळले गेले, तर ते दहा रुपयेही लागू नयेत.