शेर, अच्छेर आणि खेळण्यातला संगणक

१९६३ साली अमेरिकेत ‘डिजि-कॉम्प’ नावाचं प्लॅस्टिकचं खेळणं विकायला आलं. वीज नको, सेल नकोत. एकावर एक तीन लाल पट्ट्या. एका अंगाला सरकली की शून्य, दुसऱ्या अंगाला सरकली की एक. पट्ट्यांच्या खुंट्यांवर नळीचे इवले तुकडे बसवायचे आणि दांडा आत-बाहेर करायचा. तुकडे कुठे बसवले, यावर कुठली पट्टी सरकणार ते ठरे. एवढ्यावर ते शून्यापासून सातापर्यंत मोजून दाखवी. मागोमाग गोट्या घरंगळवून बेरीज-गुणाकार करणारं ‘डिजि-कॉम्प २’ आलं. १९६८ मध्ये बेल प्रयोगशाळेने पुठ्ठ्याचा ‘कार्डिॲक’ काढला. त्यात संगणकाचं काम मुलानेच पेन्सिल घेऊन करायचं.

इकडे खानदेशात, जळगाव-धुळ्याकडे, तोवर मुलांच्या हाती होती मण्यांची पाटी आणि तोंडी पावकी, निमकी, सवायकी. पण खरा धडा वाण्याच्या दुकानात होता. शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक: प्रत्येक वजन आधीच्याच्या निम्मं. शेराचे सोळा छटाक. त्यामुळे अच्छेरापासून छटाकापर्यंतची चार वजनं असली की एक ते पंधरा छटाकांपर्यंत काहीही तोलता येई. अकरा छटाक तूरडाळ हवी? अच्छेर ठेवा, पावशेर राहू द्या, नवटाक ठेवा, छटाक ठेवा. ठेवलेल्याला एक आणि वगळलेल्याला शून्य म्हटलं की झालं १०११, म्हणजे शून्य-एकाच्या द्विमान पद्धतीतले अकरा. नाण्यांचंही तेच: रुपया, आठ आणे, चार आणे, दोन आणे, आणा.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम आले. हिशेब सोपा झाला, यात वाद नाही. पण तिकडची पोरं द्विमान पद्धत खेळण्यातून शिकू लागली, नेमकी त्याच सुमारास इकडे ती वजनं भंगारात निघाली.

बाजार आणि गणित यांचं नातं खानदेशात तसं जुनं. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या १२०७ च्या शिलालेखात गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. तिथल्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचं राजाचं उत्पन्न मठाला दिल्याचंही त्यात आहे.

पुढे संगणक आला तो बंद पेटीतून. १९८४ मध्ये केंद्राच्या ‘क्लास’ प्रकल्पातून देशातल्या निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. २००१ पासून एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमामुळे संगणकाचे वर्ग तालुक्याच्या गावीही दिसू लागले. पत्र टाइप करणं, तक्ता भरणं पोरांना जमू लागलं, नोकरीला उपयोगी पडलं. पेटीच्या आत शून्य आणि एक काय करतात, हा प्रश्न मात्र परीक्षेपुरता उरला.

२०१७ मध्ये ‘ट्युरिंग टम्बल’ हे गोट्यांचं खेळणं आलं आणि जुन्या कल्पनेला पुन्हा गिऱ्हाईक मिळालं. आपल्याकडे तेवढा खर्चही नको. दुकानातली आताची वजनं इथे चालायची नाहीत, कारण त्यांत दोनशे ग्रॅमची दोन लागतात. पण आठ, चार, दोन, एक या हिशेबाने वाळूच्या पुरचुंड्या बांधल्या आणि वर्गात तागडी टांगली की पाचवीच्या मुलालाही द्विमान पद्धत हाताने करून पाहता येते. चुकलं तर पारडं जागच्या जागी सांगतं.