पत्रादेवीच्या पलीकडची ड्युटी

कोर्स संपत आला की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला. "सर, थंय पगार किती गावता?" थंय म्हणजे गोव्यात. कुडाळात बसून पॅरामेडिकचं शिक्षण घेणाऱ्या मुलाला पुणं लांब आणि म्हापसा जवळ. पत्रादेवीचा नाका ओलांडला की राज्य बदलतं, पण पाऊस तोच, माड तेच, बाजारात मासळीवरून घातलेली हुज्जतही तीच. तेव्हा बदलत असेल तर पगारच, असा मुलांचा समज असतो. काही वर्षं रुग्णवाहिकेवर काढून मी शिकवण्याकडे वळलो. तेव्हापासून दर बॅचला या प्रश्नाचं उत्तर फळ्यावर हिशेब मांडूनच देतो, कारण तोंडी दिलेला आकडा मुलं घरी सांगतात आणि घरचे तो जन्मभर लक्षात ठेवतात.

हिशेब असा. समजा, नेमणूकपत्रावर महिना साडेवीस हजार लिहिलंय. त्यात कंपनीने भरायचा भविष्यनिर्वाह निधी आणि विम्याचा वाटा धरलेला असतो. तो वजा केला की एकूण वेतन उरतं अठरा हजार. मूळ वेतन पंधरा हजार असेल तर त्यावर बारा टक्के, म्हणजे 1,800 रुपये, पुन्हा मुलाच्या वाट्याचा निधी म्हणून कापले जातात. एकूण वेतन 21,000 च्या आत आहे, तेव्हा ईएसआयसीचे पाऊण टक्का, म्हणजे 135 रुपये गेले. महाराष्ट्रात मुलग्यांचे व्यवसाय कराचे 200 जातात, फेब्रुवारीत 300. गोव्यात हा कर नाही. म्हणजे नाक्याच्या अलीकडे हातात 15,865 आणि पलीकडे 16,065. सीमा ओलांडण्याची कागदावरची कमाई दोनशे रुपये. त्यात कुडाळ ते म्हापसा एका वेळचं जाणं-येणंही धड भागत नाही, आणि खोलीचं भाडं तर अजून मांडलेलंच नाही.

मग मी त्यांना भागाकार करायला लावतो. महिन्याला सव्वीस ड्युट्या. आठ तासांची पाळी असेल तर 208 तास, बारा तासांची असेल तर 312. हातात येणारे 16,065 रुपये 312 ने भागले की तासाला साडेएक्कावन्न. आठ तासांची पाळी असती तर सत्याहत्तर. पगाराचा आकडा विचारायच्या आधी पाळी किती तासांची आणि जादा तासांचे पैसे कोणत्या दराने हे विचारा, हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगतो. जादा तासाला दुप्पट दर हे कायद्याचं तत्त्व आहे. ते नेमणूकपत्रात उतरलंय की नाही, ते पत्र वाचल्याशिवाय कळत नाही. आणि आमची मुलं पत्र वाचत नाहीत, शिक्का बघतात.

कोणत्या राज्यात नेमकं किती मिळतं ते मी छापून देत नाही. 108 ची रुग्णवाहिका सेवा सरकारची असली तरी बहुतेक ठिकाणी ती चालवतो निविदा जिंकलेला ठेकेदार. कमी दराला काम घेतलं की काटकसर कुठे होणार हे सांगायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही. डिझेल आणि टायर बाजारभावानेच घ्यावे लागतात, उरतात माणसं. ठेका बदलला की गणवेशाचा रंग बदलतो, पगाराची रचना बदलते, कधी कधी तर नोकरीची तारीखही नव्याने सुरू होते. तरीही दोन गोष्टी राज्य बदललं आणि ठेका बदलला तरी सोबत राहतात: निधीचा यूएएन आणि ईएसआयसीचा विमा क्रमांक. नव्या ठिकाणी जुनाच क्रमांक द्या, नवा काढू देऊ नका. नाहीतर चार नोकऱ्यांनंतर चार खात्यांत थोडे थोडे पैसे अडकतात आणि ते गोळा करायला पाचवी नोकरी सोडावी लागते.

पैशाचा फरक असा दोनशेचा असताना मुलं जातात कशाला, आणि मी त्यांना जा कशाला म्हणतो, हे आता सांगायला हवं.

108 हा क्रमांक आधी हैदराबादेत 15 ऑगस्ट 2005 रोजी सुरू झाला. गुजरातेत 2007 ला आला, गोवा आणि कर्नाटकात 2008 ला. या सगळ्या ठिकाणी रचना एकच: पुढे पायलट, मागे ईएमटी, म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन. आमच्या धंद्यात ड्रायव्हरला पायलट म्हणतात, आणि तो मान त्याने कमावलेला असतो. मागचा ईएमटी रुग्णाला तपासतो, कंट्रोल रूममधल्या डॉक्टरला फोनवर सगळं सांगतो आणि त्यांच्या सूचनेवरून औषध देतो. महाराष्ट्रात सेवा आली ती 26 जानेवारी 2014 रोजी, 937 गाड्यांची. 233 प्रगत, 704 साध्या. इथे रचना वेगळी ठरली. प्रत्येक गाडीत डॉक्टर, बहुतांशी बीएएमएस किंवा बीएचएमएस. रुग्णाच्या दृष्टीने बघितलं तर यात वाईट काही नाही. गाडीत डॉक्टर आहे म्हटल्यावर नातेवाइकांना धीर येतो, आणि त्या डॉक्टरांपैकी कितीतरी जण उत्तम काम करतात. पण मागची ती एक जागा भरल्यावर पॅरामेडिकला बसायला जागाच उरत नाही. ज्या राज्यात आम्ही मुलांना नळी टाकायला, शॉक द्यायला, अडलेल्या बाईचं बाळंतपण करायला शिकवतो, त्याच राज्याच्या सर्वांत मोठ्या रुग्णवाहिका सेवेत त्या हातांना काम नाही. मग खासगी हॉस्पिटलची कॅज्युअल्टी, कारखान्याचं प्रथमोपचार केंद्र, नाहीतर मॅरेथॉनच्या कडेला उभी असलेली गाडी. तिथे बीपी मोजा, पट्टी बांधा, रजिस्टर भरा.

माझा एक विद्यार्थी दोडामार्गचा, आता गोव्याच्या 108 वर ईएमटी. गेल्या पावसाळ्यात त्याच्या गाडीच्या तळावर जाऊन एक रात्र बसलो. गाडीतून जायची परवानगी मला नव्हती आणि ती असूही नये. आठला पाळी बदलली. आधीच्या ईएमटीने तोंडी हवाला दिला, पण याने त्यातल्या एका शब्दावरही विश्वास ठेवला नाही, आणि तेच बरोबर. मोठ्या सिलिंडरचा काटा बघितला, मग छोट्या बी टाइपचा. बी टाइपमध्ये भरलेला ऑक्सिजन साधारण दीड हजार लिटर. मिनिटाला दहा लिटर सोडला तर अडीच तास पुरतो. काटा अर्ध्यावर असेल तर सव्वा तास. घाटात झाड पडलं तर सव्वा तास कुठल्या कुठे जातो. मग सक्शन चालू करून बोटावर ओढ घेऊन बघितली. अंबू बॅगचा मास्क दाबून बघितला. एईडीची पॅड, त्यावरची तारीख. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या मोजल्या. डिलिव्हरी किटचं सील बघितलं. शेवटी स्ट्रेचरचं चाक पायाने हलवलं आणि पायलटला म्हणाला, "भाऊ, ह्या चाक परत अडकता." पायलटने काही न बोलता पाना काढला.

दोनच्या सुमाराला कॉल आला. एका आरोग्य केंद्रातून छातीत दुखणारा माणूस बांबोळीला न्यायचा होता. गोव्यात हृदयविकाराच्या झटक्यासाठी स्टेमी प्रकल्प आहे. आरोग्य केंद्रात ईसीजी काढतात, तो बांबोळीच्या गोमेकॉतल्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजातल्या, हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवतात, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच देतात आणि मग 108 रुग्णाला घेऊन निघते. ऐकायला सोपं वाटतं. पण गुठळी विरघळून रक्त पुन्हा वाहायला लागतं, नेमक्या त्याच वेळी हृदयाची लय बिघडू शकते. तेवढा वेळ मागे एकटा ईएमटी, डोळा मॉनिटरवर आणि हात शॉकच्या यंत्राजवळ. परत आल्यावर तो पीसीआर, म्हणजे रुग्णाचा नोंदीचा कागद, भरत बसला: किती वाजता काय दिसलं, काय दिलं, फोनवर कोण डॉक्टर होते, गोमेकॉत ताबा कुणी घेतला. वाटेत काही झालं का, म्हणून विचारलं. "दोनदा वाकडे ठोके इले. सांगून ठेवलंय," एवढंच म्हणाला. मग म्हणाला, "सर, हंय मी एकटोच आसतंय." तक्रार नव्हती ती. इकडच्या नोकरीत त्याला ते एकटेपण कधी मिळालं नव्हतं.

पुढच्या नोकरीला पीसीआरवरच्या या नोंदी उपयोगी पडतात. आखातात जायचं असेल तर कागदपत्रांची डेटाफ्लो पडताळणी होते, प्रोमेट्रिकची परीक्षा असते आणि प्रत्यक्ष रुग्णवाहिकेवरचा अनुभव मागतात. कॅज्युअल्टीत रजिस्टर भरल्याचा दाखला तिथे फारसा चालत नाही. म्हणून मी सांगतो, गोव्याचा किंवा गुजरातचा पगार इकडच्याइतकाच असला तरी जा. फक्त तिथेच कायम राहायचं ठरवून जाऊ नका.

त्यालाही कारण आहे. गोव्यात सरकारी, कायम पदाची जाहिरात आली की त्यात सहसा पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मागतात. कोंकणीचं ज्ञान आवश्यक, मराठीचं असल्यास बरं. आमच्या मुलांची मालवणी तळावर आणि रुग्णाच्या उशाशी मजेत चालते, अर्जाच्या रकान्यात नाही. इकडे महाराष्ट्रातही अधिवासाला पंधरा वर्षंच लागतात. वयाच्या बाविसाव्या वर्षी निघालेला मुलगा दहा वर्षं पलीकडे राहिला तर तिथला झालेला नसतो आणि इथला असल्याचे पुरावे शोधत फिरतो. रेशनकार्डावरचं नाव आणि शाळेचा दाखला घरी नीट ठेवून जा, हा सल्ला आईबापांना पटतो, मुलांना म्हातारपणाचा वाटतो.

प्रमाणपत्रांचाही गोंधळच आहे. डॉक्टरला, नर्सला परिषदेची नोंदणी असते, राज्य बदललं तर ती बदलून घेता येते. आमच्याकडे वर्षानुवर्षं तसं काही नव्हतं. कुठे सहा महिन्यांचा कोर्स, कुठे वर्षाचा, कुठे पदवी, आणि बाहेर पडल्यावर सगळेच पॅरामेडिक. शेजारच्या राज्यात ओळखलं जाणारं कार्ड एकच, अमेरिकन हार्ट असोसिएशनचं बीएलएस आणि एसीएलएस, आणि ते दर दोन वर्षांनी नवं करावं लागतं. 2021 च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्टचं नाव आलं, केंद्रीय नोंदवही आणि राज्य परिषदांची तरतूद झाली. मुलांनी पेढे वाटले. मी त्यांना व्याख्या वाचायला सांगितली: संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी किमान 2,000 तासांचं शिक्षण, दोन ते चार वर्षांत पसरलेलं. सहा महिन्यांवाल्याचं प्रमाणपत्र त्यात बसत नाही. वर्गात शांतता पसरली. पुढच्या बॅचपासून मी छोट्या कोर्सला प्रवेश घेणाऱ्याला हे फी भरायच्या आधीच सांगतो. त्याने प्रवेश थोडे घटले, संस्थाचालक नाराज झाले.

गुजरातेत गेलेल्या एका मुलाची अडचण वेगळीच होती. काम शिकला, वरिष्ठ खूश, पण सौराष्ट्रातल्या आजीबाई दुखणं हिंदीत सांगत नाहीत. मान डोलावून औषध देता येत नाही. पायलटने दुभाष्याचं काम केलं, तेही गाडी चालवता चालवता. सहा महिन्यांत मुलगा गुजराती बोलायला लागला. आता फोनवर मला "केम छो सर" म्हणतो आणि पगारवाढीचं विचारलं की विषय बदलतो.

यंदा कणकवलीची एक मुलगी आहे, बॅचमधली सर्वांत चलाख. तिला कर्नाटकातून आणि गोव्यातून अशी दोन बोलावणी आली. मी सवयीने खडू उचलला. ती म्हणाली, "सर, हिशेब मी केलाय. मला सांगा, रात्रीच्या पाळीत तळ कुठे असतो? बाथरूम आहे का आणि त्याला आतून कडी आहे का?" इतक्या बॅचेस मी तासाचा दर काढायला शिकवत आलो, पण हे कधी फळ्यावर लिहिलं नव्हतं. काही तळ हॉस्पिटलच्या आवारात असतात, तिथे सोय असते. काही पेट्रोल पंपाच्या कडेला, काही नुसते नाक्यावर, गाडी हाच तळ. आम्ही दोघांनी मिळून दोन्हीकडे काम करणाऱ्या जुन्या मुलींना फोन लावले. अर्धा तास त्याच बोलत होत्या: कुठला तळ घ्यायचा, कुठला नाकारायचा, पायलट कुठल्या पाळीला चांगला, मासिक पाळीच्या दिवसांत बदली ड्युटी मागितली तर कोण देतं. कर्नाटकात पगार थोडा जास्त होता. तिने गोवा घेतला. तळ जिल्हा रुग्णालयाच्या आवारात आहे, आणि वर दिवा असलेली, आतून कडी लागणारी खोली आहे.