खडा चिकटला, पण टिकेल का?

गेल्या वर्षी फेस्टमध्ये आमचा ग्रुप डान्स सुरू होऊन जेमतेम दोन मिनिटं झाली होती आणि स्टेजवर पहिला खडा पडला. मग दुसरा. मग चार-पाच. चौदा मुली, सगळ्या अनवाणी. मी विंगेत उभी राहून व्हिडिओ काढत होते, पण लक्ष सगळं त्यांच्या पायांकडे. कारण ब्लाऊजवरचे ते खडे मीच चिकटवले होते. एकीच्या टाचेत खडा रुतला. तिने तसाच नाच पूर्ण केला, आत आली, पाय वर करून खडा काढला आणि मला विचारलं, "कशाने चिकटवले होतेस गं?"

हॉटफिक्स पेनने चिकटवले होते. रीलमध्ये बघितलं होतं ना! पेनचं टोक खड्याला टेकवायचं, उचलायचं, कापडावर ठेवायचं, झालं. बोहरी आळीत जाऊन पेन घेतलं, खड्यांची पाकिटं घेतली आणि रात्री होस्टेलवर कारखाना सुरू केला. तिसऱ्याच ब्लाऊजला पेनने भोक पाडलं. कापड पॉलिएस्टर सॅटिनचं होतं आणि ब्लाऊज भाड्याचा. डिपॉझिट गेलं ते गेलंच, पण त्याहून वाईट म्हणजे मी घाबरले. पुढच्या प्रत्येक खड्याला पेन लवकर उचलायला लागले. गोंद अर्धवट वितळला, कापडात मुरलाच नाही. दिसायला सगळं चकाचक, पण घाम आणि घासणं सुरू झाल्यावर खडे सुटले.

हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आमच्या गल्लीतल्या टेलर काकूंनी ते जळलेलं ब्लाऊज हातात घेतलं आणि दोन मिनिटांत सांगितलं. "अगं, पेन चांगलंच आहे. कापड चुकलं." मग म्हणाल्या, "आधी कापड बघायचं, मग खडा, आणि अवजार सगळ्यात शेवटी. तू उलटीकडून सुरुवात केलीस."

यंदा ग्रुपने पुन्हा माझ्याकडेच काम दिलंय (का, ते देव जाणे), त्यामुळे गेला महिनाभर मी काकूंकडे बसून शिकतेय. फेस्टचा सीझन आलाय, जॅकेटं सजवायची टूम आलीये, म्हणून तुम्हालाही सांगते.

कापड ओळखायला काकू एक धागा काढून जाळतात. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख होते. पॉलिएस्टरचा धागा वितळतो आणि टोकाला कडक मणी तयार होतो. यंदा आमची ब्लाऊज खणाची आहेत. दुकानदार म्हणाला, "प्युअर कॉटन." धागा जाळला, मणी तयार झाला. पेन तिथेच बाद! (हे जाळणं सिंकजवळ, चिमट्यात धरून करा. होस्टेलच्या गादीवर नको.)

मग खडा. पाकिटातला एक खडा उलटा करा. मागची बाजू आरशासारखी चकचकीत असेल तर तो साधा खडा, त्याला गोंद आपण लावायचा. मागे मळकट, खरखरीत थर दिसला तर तो हॉटफिक्स, म्हणजे गोंद आधीच लावलेला आहे आणि तो उष्णतेने वितळतो. प्लॅस्टिकच्या स्वस्त खड्यांना उष्णता दिली की ते धुरकट होतात, काही तर बसतात आणि वाकडे होतात. पाकिटावर एसएस10, एसएस16 असं लिहिलेलं असतं, ते मापाचे आकडे. एसएस16 म्हणजे साधारण 4 मिलिमीटर. मोजणी ग्रोसमध्ये, एक ग्रोस म्हणजे 144 खडे. मला वाटलं होतं एका ब्लाऊजला एक ग्रोस भरपूर होईल. गळ्यालाच संपलं.

जाता जाता एक गंमत. इंग्रजीत या खड्यांना राइनस्टोन म्हणतात ते युरोपातल्या राइन नदीवरून, कारण तिथे सापडणारे चमकदार दगड मूळचे. काचेचे खडे यंत्राने अचूक पैलू पाडून बनवायचं तंत्र डॅनियल स्वारोव्हस्कीने आणलं, 1892 मध्ये त्याने यंत्राचं पेटंट घेतलं आणि 1895 मध्ये ऑस्ट्रियात कंपनी काढली. आपल्या पेठेत मिळणारे खडे अर्थातच त्याचे नाहीत.

आता पेन. ते वाईट नाही, हे काकूंचं म्हणणं मलाही पटलंय. डेनिम, जाड सुती कापड, कॅनव्हासची टोट बॅग यांच्यावर वीस-पंचवीस खडे लावायचे असतील, नावाचं अक्षर काढायचं असेल, तर पेनसारखं हाताशी दुसरं काही नाही. फक्त घेताना त्याची टोकं बघा. खड्याच्या मापाचं टोक हवं. मोठं टोक लावलं तर खडा त्यात डुगडुगतो, छोटं लावलं तर उचललाच जात नाही. टोकाला दोन्ही बाजूंनी चीर असते, ती शोभेची नाही. खडा आत अडकला की तिथून सुई घालून ढकलायचा. बोटाने नाही, मी केलंय, फोड आला. पेन नीट तापू द्या. खडा उचलला की गोंदाला कडेने बारीक बुडबुडे येईपर्यंत थांबा आणि मगच कापडावर टेकवा. स्वस्त पेनांना तापमान कमी-जास्त करायची सोय बहुतेक नसते. सॅटिन, जॉर्जेट, नायलॉन, नेट यांच्यावर याच कारणाने घोळ होतो.

डिझाइन मोठं असेल तर इस्त्री बरी. हॉटफिक्सचे तयार नक्षीचे शीट मिळतात, वर चिकट पारदर्शक फिल्म लावलेली असते. शीट कापडावर ठेवायचं, वरून पातळ सुती फडका, आणि वाफ बंद करून इस्त्री दाबायची. दाबायची, फिरवायची नाही! फिरवली की खडे सरकतात. खालच्या टेबलावर जाड गादी नको, चादरीची एक-दोन घडी पुरे, नाहीतर खडे गादीत रुततात आणि दाब बसत नाही. स्टीम इस्त्रीच्या भोकांखाली आलेले खडे कच्चे राहतात, तिथे इस्त्री थोडी सरकवून परत दाबा. शेवटी कापड उलटं करून मागूनही एकदा दाबायचं. आणि वीस टी-शर्ट करायचे असतील तर सरळ मग-टीशर्ट छापून देणाऱ्या दुकानात जा. त्यांच्या हीट प्रेसवर तापमान आणि वेळ दोन्ही ठरवता येतं, सगळीकडे सारखा दाब बसतो. एवढ्यासाठी स्वतः मशीन घ्यायचं कारण नाही.

लायक्रा, पॉलिएस्टर आणि साधे खडे यांना गोंद. इथे एक चूक आमच्या वर्गातल्या निम्म्या लोकांनी केली असेल: झटपट चिकटणारा सुपरग्लू. तो वाळून काचेसारखा कडक होतो, कापड ताणलं की तडकतो, आजूबाजूला पांढरी धूळ बसल्यासारखं दिसतं. शिवाय सुती कापडावर किंवा कापसावर सांडला तर एकदम तापतो, बोट भाजण्याइतका. वाळल्यावर लवचिक राहणारा कापडाचा गोंद घ्या, सुईच्या टोकाच्या ट्यूबमध्ये मिळतो. खिडकी उघडी ठेवून काम करा, वास डोक्यात जातो. लायक्राचं कापड आत पुठ्ठा घालून थोडं ताणून घ्या, नाहीतर अंगात घातल्यावर खडे टपाटप उडतात. आणि किमान 24 तास हात लावू नका. आदल्या रात्री गोंद लावून सकाळी नाचायला जायचं हा प्लॅन विसरा.

स्टडचं प्रकरण वेगळं. जॅकेटवरच्या टोकदार स्टडला मागे पाय असतात. ते कापडातून आरपार घालून मागून वाकवायचे. त्याला पक्कड किंवा चमच्याची मागची बाजू चालते, खास अवजार लागतंच असं नाही. डेनिमवर मस्त बसतात, पातळ कापड मात्र फाडतात. आतून अस्तर किंवा फेल्टचा तुकडा लावा, पाय टोचतात. खड्याला पुढून धरून मागून चार पाय बसवणारं स्टेपलरसारखं हँड सेटर मिळतं, पण त्याची वाटी आणि खड्याचं माप जुळायला हवं. मी एक घेतलं, माप जुळलं नाही, ड्रॉवरमध्ये पडलंय. रिवेट आणि आयलेटला भोक पाडायचा पंच, डाय आणि हातोडी हवी. दोन-चार जॅकेटं असतील तर टिच बटणं बसवून देणाऱ्याकडे जा. त्याच्याकडे प्रेस असतं आणि तो नगावर पैसे घेतो.

काकूंचं स्वतःचं आवडतं अवजार मात्र सुई आहे. दोन भोकांचे शिवायचे खडे, बारीक सुई, दुहेरी धागा आणि दर दोन-तीन खड्यांनी मागे गाठ. "धागा तुटला तर दोन पडतील, चाळीस नाही," असं त्या म्हणतात. आईची जुनी सिल्कची साडी, नेटचा दुपट्टा, किंवा जे पुन्हा मिळणार नाही असं काहीही असेल, तर त्यांच्याकडे याच्याशिवाय दुसरं उत्तर नाही. वेळ लागतो, हे खरं. एका गळ्याला माझी एक अख्खी संध्याकाळ गेली, काकूंना तेवढ्या वेळात दोन होतात.

यंदाच्या चौदा ब्लाऊजांसाठी आम्ही आधी खणाची चिंधी घेतली. नवीन कापडावर खळ आणि फिनिश असतं, त्यावर गोंद धरत नाही, म्हणून ती सॉफ्टनर न घालता धुतली. अर्ध्या चिंधीवर गोंदाने वीस खडे, अर्ध्यावर सुईने वीस. दोन दिवस ठेवली, मग उलटी करून थंड पाण्यात तीनदा धुतली, चोळलीसुद्धा. गोंदाचे दोन सुटले, दोन्ही कडेचे, जिथे घासलं जातं तिथले. शिवलेला एकही नाही.

त्यामुळे काकूंनी ठरवलंय की पाठीवर गोंद, पण गळा आणि बाह्या शिवायच्या. चौदा गळे, अठ्ठावीस बाह्या. फेस्टला सोळा दिवस आहेत. जिच्या टाचेत खडा घुसला होता, तिला मी सुई हातात दिलीये. ती रोज संध्याकाळी येते, चार खडे लावते आणि प्रत्येक खडा नखाने ओढून बघते.