हाताची विद्या

मैफलीत वाद्य रंगले म्हणजे आपण वादकाला दाद देतो. ते वाद्य घडविणाऱ्याचे नाव मात्र क्वचितच कोणाच्या ओठी येते. स्पेन देशातील गिटार घडविणाऱ्या कारागिरांची विद्या एका हातातून दुसऱ्या हातात कशी गेली, हे जाणून घेण्यासारखे आहे.

अभिजात गिटारीला आजचे रूप मुख्यत्वे आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) याने दिले. तो मूळचा सुतार. आपल्या सतारीला जशी तबली, तशीच गिटारीलाही असते. ती बहुधा स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी वृक्षाच्या लाकडाची असून तिची जाडी सुमारे २ ते २.५ मिलिमीटर असते. तार छेडली की तिचे कंपन घोडीवाटे तबलीला मिळते आणि नाद उमटतो. तबली जाड राहिली तर आवाज दबतो. फार पातळ झाली तर तारांच्या ताणाने ती वाकते. म्हणून तोरेस तिच्या आतील बाजूस बारीक पट्ट्या पंख्याच्या काड्यांप्रमाणे बसवीत असे. नादाचे मर्म तबलीतच आहे, हे दाखविण्यासाठी त्याने १८६२ मध्ये पाठ व बाजू चक्क पुठ्ठ्याच्या असलेली गिटार घडविली!

मग तोरेसच्या गिटारीची मापे घेतली की तशीच गिटार तयार होईल काय? नाही. प्रत्येक फळीचा स्वभाव निराळा. एक ताठ, तर दुसरी लवचिक. एकच जाडी दोहोंना मानवत नाही. कारागीर फळी वाकवून पाहतो, बोटाने ठोकून तिचा नाद ऐकतो आणि रंधा कोठे थांबवावयाचा ते ठरवितो. आपले रहस्य अंगठा व तर्जनी यांच्या टोकांत आहे, असे तोरेस म्हणत असे, अशी आठवण सांगतात. ते रहस्य त्याच्याबरोबर गेले. त्याच्या गिटारी मात्र मागे राहिल्या.

माद्रिदच्या मानुएल रामिरेझने त्या गिटारी आदर्श मानल्या. त्याच्या कारखान्यात सांतोस एर्नांदेझ व दोमिंगो एस्तेसो हे कारागीर तयार झाले. तेथे १९१२ मध्ये घडलेली गिटार आंद्रेस सेगोव्हिया या तरुण वादकाच्या हाती आली. पुढे म्युनिकच्या हेरमान हाउझरने तिचा बारकाईने अभ्यास केला. वर्षानुवर्षे प्रयत्न करून त्याने १९३७ मध्ये घडविलेली गिटार सेगोव्हियाने आनंदाने स्वीकारली. हाउझरच्या मुलाने व नातवानेही हीच कला पुढे चालविली.

पुस्तकातून आकृती मिळते, मापेही मिळतात. पण रंधा थांबविण्याचा नेमका क्षण ओळखावयाचा, तर जाणत्याशेजारी बसून अनेक फळ्या तासाव्या लागतात. देणारा हात थकण्यापूर्वी घेणारा हात पुढे आला, तरच अशी विद्या जगते.