टायरची हवा : डिस्प्ले खरा की गेज?

बाइकच्या डिस्प्लेवर 36 पीएसआय आणि पेट्रोल पंपावरच्या गेजवर 41, असं झालं की पंपाचं गेज बिघडलंय म्हणून आपण मोकळे होतो. पण इतका फरक पडूनही दोन्ही उपकरणं धडधाकट असू शकतात. हे कशामुळे होतं ते कळलं नाही, तर नको तेव्हा हवा काढली जाते, आणि ते धोक्याचं आहे.

चाकातल्या सेन्सरमध्ये सिलिकॉनचा अतिशय पातळ पडदा असतो. दाबाने तो वाकतो, त्यावरच्या रोधकांचा रोध बदलतो, त्यावरून दाब काढला जातो आणि तो आकडा रेडिओलहरींनी डिस्प्लेकडे जातो. सोबत तापमानही मोजलं जातं. चांगल्या सेन्सरची चूक एखाद्या पीएसआयच्या आसपास असते. पाचाच्या फरकाचं कारण दुसरीकडे शोधायला हवं.

बहुतेक वेळा ते उष्णतेत सापडतं. हवा दर 10 अंश सेल्सिअसने तापली की दाब साधारण दीड ते पावणेदोन पीएसआयने वाढतो. बीएमडब्ल्यूच्या मोटरसायकलींवरची यंत्रणा हा वाढीव दाब वजा करते. टायरमधली हवा 20 अंशांवर असती तर दाब किती असता, तो आकडा दाखवते. त्यांच्या आर 1250 जीएसच्या पुढच्या टायरला थंड असताना 2.5 बार, म्हणजे 36 पीएसआय, हवा लागते. हायवेवर आतली हवा 50 अंशांपर्यंत तापली की प्रत्यक्ष दाब 41च्या वर जातो. गेज तो जसाच्या तसा दाखवतं, डिस्प्ले 36वरच राहतो. आता पंपावरच्या मुलाला सांगून गेजवर 36 येईपर्यंत हवा सोडली, तर तोच टायर गार झाल्यावर 31-32वर येईल. त्या टायरवर दोन माणसं आणि सामान घेऊन घाट उतरायचा नाही.

लडाखला जाणाऱ्यांनी उंचीचा हिशेबही नीट पाहावा. सेन्सर मुळात टायरमधला पूर्ण दाब मोजतो. त्यातून बाहेरच्या वातावरणाचा दाब वजा करावा लागतो. काही साधे संच ही वजाबाकी कायम समुद्रसपाटीच्या 14.7 पीएसआयने करतात. पुण्यात बाहेरचा दाब 13.7च्या आसपास असतो, त्यामुळे 33चे 32 दिसतात आणि कोणाच्या लक्षात येत नाही. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, तिथे हा दाब साडेनऊवर येतो. पुण्यात 25 अंशांना 33 भरलेला टायर लेहच्या 5 अंशांच्या सकाळी गेजवर 34 दाखवेल आणि अशा संचावर 29. इथे गेजचं ऐकायचं, कारण वजन पेलायला आतल्या-बाहेरच्या दाबातला फरकच कामाला येतो. डिस्प्ले पाहून हवा भरत बसलात, तर टायर उगाच टणक होईल.

म्हणून गेज डोळे झाकून खरं मानावं असंही नाही. डायल गेजची चूक सहसा पूर्ण पट्टीच्या टक्क्यांत सांगतात. दोन टक्के चूक म्हणजे 60पर्यंतच्या गेजवर सव्वा पीएसआय, तर 160च्या गेजवर तीनच्या वर. बाइकसाठी 60चंच घ्यावं. पंपावरचं गेज दिवसभर आपटत असतं, त्याच्याकडून फार अपेक्षा नको.

व्हॉल्व्हवर टोपणासारखे बसणारे सेन्सर ट्यूबवाल्या टायरलाही चालतात, हा त्यांचा मोठा गुण. पण ते बसले की व्हॉल्व्हची पिन सतत दाबलेली राहते आणि हवा फक्त सेन्सरच्या रबरी वॉशरवर अडते. साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का, ते पाहावंच.

अमेरिकेत कारना टायरच्या दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा सक्तीची आहे, आणि तिथला नियम हवा शिफारशीच्या 25 टक्के खाली गेल्यावर इशारा मागतो. ही योजना मुळात राखणीसाठी आहे. चालत्या गाडीत खिळा घुसून हवा सरकायला लागली, तर सेन्सरच सांगेल. खिशातलं गेज तिथे निरुपयोगी. हवा भरताना मात्र सकाळी, गाडी बाहेर काढण्याआधी, सावलीत, आपलंच गेज लावावं. ते तीनदा लावून तिन्ही वेळा तोच आकडा यायला हवा. तरी शंका असेल तर औद्योगिक भागातल्या कॅलिब्रेशन लॅबमध्ये ते तपासून मिळतं. मग त्याच थंड टायरवर डिस्प्ले किती दाखवतो ते बघून दोघांतला फरक लिहून ठेवावा, आणि पुढे त्याच ठिकाणी, तशाच तापमानाला तो बदलला तर सेन्सर आणि गेज दोन्ही तपासून घ्यावीत.