संगणकाचे जनरल रजिस्टर

शाळेच्या कपाटातील जनरल रजिस्टर म्हणजे मुख्याध्यापकाचा जीव की प्राण. मुलाचे नाव, जन्मतारीख, मातृभाषा एकदा तेथे लिहिली गेली, की जन्मभर तीच त्याची साक्ष. तेथे खाडाखोड चालत नाही. विंडोज प्रणालीच्या प्रत्येक संगणकाच्या पोटातही असेच एक रजिस्टर असते, हे आम्हांस अद्दल घडल्यावरच कळले.

त्याचे नाव ‘रजिस्ट्री’. पूर्वी निरनिराळ्या आज्ञावली आपापल्या सोयी-गैरसोयी लहानलहान फायलींत टिपून ठेवीत. १९९५ च्या विंडोजपासून अशा बहुतेक नोंदी एका जागी आल्या.

ते उघडण्याची रीत सोपी आहे. विंडोजचे चिन्ह असलेली कळ दाबून धरावी व ‘आर’ दाबावा. समोर येणाऱ्या चौकटीत रोमन लिपीत ‘रेजएडिट’ लिहून एंटर द्यावे. संगणक अनुमती विचारतो, ती द्यावी. डावीकडे पाच मुख्य खाती दिसतात. ‘एचकी लोकल मशीन’ हे सबंध यंत्राचे, तर ‘एचकी करंट यूजर’ हे त्या वेळी काम करणाऱ्याचे. खात्यात शिरले की उजवीकडे नोंदी उमटतात.

‘एचकी करंट यूजर’मधील ‘कीबोर्ड लेआउट’ व त्याच्या पोटातील ‘प्रीलोड’ उघडून पाहावे. इन्स्क्रिप्ट पद्धतीचा मराठी कळफलक घातलेला असेल, तर तेथे ०००००४४ई हा अंक सापडतो. त्यातील ‘ई’ हे रोमन अक्षर. परमुलखात राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांना मातृभाषेचा रकाना यंत्रातही भरलेला पाहून बरे वाटले.

आता अद्दलीची गोष्ट. निरुपयोगी समजून आम्ही एक नोंद पुसली आणि मुद्रकयंत्राने मौन धरले. दारात एक पालक शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी उभे; मुलाच्या प्रवेशाचा तो शेवटचा दिवस. अखेर जुने रजिस्टर काढून दाखला हातानेच लिहिला. मुद्रकाची आज्ञावली दुसऱ्या दिवशी नव्याने बसवावी लागली.

चूक आमचीच होती. या संपादकात ‘सेव्ह’ची वेगळी कळ नाही, बदल तत्काळ नोंदला जातो आणि मागे घेण्याची सोयही नाही. म्हणून हात लावण्यापूर्वी त्या खात्यावर माउसची उजवी कळ दाबून ‘एक्स्पोर्ट’ निवडावे व नक्कल जपून ठेवावी. पुढे त्या फायलीवर दोनदा टिचकी मारली, की पुसलेल्या वा बदललेल्या नोंदी परत येतात. नव्या घातलेल्या मात्र तशाच राहतात. आणि जे काम ‘सेटिंग्ज’मधून होते, त्यासाठी येथे येऊच नये.

वाचकांनी आपली मराठी कोठे नोंदली आहे, एवढे अवश्य पाहावे. पाहून झाले की खाते मिटावे.